कार्ड देवघरात होतं

वन्सं, केतकीची गाडी कसारा घाट चढतेय आणि तिला द्यायला माझ्याकडे तुमचा फोटो नाही.

आत्ताच तिचा मेसेज आला. 'मामी, घाट लागला. ट्रकच ट्रक आहेत. फोटो तयार ठेव, आल्या आल्या आधी तो बघणार.' तुमची लेक शोभते खरी. दोन विमानं बदलून, डोळ्याला डोळा न लागता आलीय, तरी गाडीतून हुकूम सोडतेय. काय लिहावं ते सुचेना म्हणून मी नुसता अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ 'हो' होतो हे पाठवल्यावर लक्षात आलं. आता तासा-दीड तासात ती दारात उभी राहील आणि मला तिला खरं काय ते सांगावं लागेल.

म्हणून खाली येऊन बसलेय, तुमच्या फ्लॅटमध्ये, तुमच्या जेवायच्या टेबलाशी. समोर तुमचा कॅमेरा ठेवलाय. वर आमच्या घरात माणसं जमलीत, जो तो मला धीर देतोय. मला धीर नकोय. मला तुमच्याशी भांडायचंय. इतकी वर्षं नणंद-भावजय म्हणून भांडलो ते काय असं मध्येच सोडून जायला?

परवा सकाळी तुम्ही चहाला वर आला नाहीत. मी दोनदा हाक मारली, मग तणतणत खाली आले, की चहा गार होतो आणि पुन्हा उकळला की तुम्हालाच आवडत नाही. दार लोटलेलं होतं. तुम्ही खुर्चीत, एका पायात चप्पल, दुसरी पायाशी. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी राग आला. चार-साडेचार महिने आपण आशिया पालथा घातला. लाओसच्या नदीत बोटीवर झोपलो, चीनच्या रेल्वेत उभ्यानं प्रवास केला, समरकंदला मला जुलाब झाले तेव्हा तुम्ही रात्रभर लिंबूपाणी पाजलंत, तुम्हाला साधी सर्दी झाली नाही. आणि गेलात कुठे, तर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, वर चहाला यायला चप्पल घालताना.

केतकीला फोन तुमच्या भावानं लावला. पोरीनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, माझ्यासाठी थांबू नका. आईला बर्फात ठेवू नका." यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत निघून गेले. तेव्हा मला म्हणाली, "मामी, व्हिडिओ कॉल नको, सगळं हलतं, काही दिसत नाही. एक फोटो काढून ठेव. आईच्याच कॅमेऱ्यानं काढ. मला तिचा चेहरा शेवटचा एकदा धड बघायचाय." मी म्हटलं, "हो गं बाई, काढते."

हो म्हणून फोन ठेवला आणि मग मला व्हिएतनाम आठवलं.

तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण मला एकदा सगळं ओळीनं बोलू द्या. इतके दिवस तुम्ही बोलू दिलं नाहीत. उत्तरेकडचं ते डोंगरातलं गाव. घोटीच्या आसपास पावसाळ्यात भाताची खाचरं दिसतात, तशीच खाचरं, फक्त तिथे उभ्या डोंगराला पायऱ्या करून वरपर्यंत चढवलेली. आपण ज्या घरी उतरलो होतो तिथे एक म्हातारी आजी होती, तिचा मुलगा आणि सून. मुलगी तैवानला कुठल्याशा कारखान्यात कामाला. पहिल्याच दिवशी तुम्ही आजीला विचारलंत, तुमच्या पद्धतीनं. आधी हात स्वतःच्या छातीवर, मग बोट कॅमेऱ्याकडे, मग भुवया वर. आणि थांबायचं. समोरच्यानं मान हलवली तरच कॅमेरा डोळ्याला लागणार, नाही म्हटलं तर हसून खाली. बँकॉकच्या बाजारातल्या मासे विकणाऱ्या बाईपासून बुखाऱ्याच्या चौकातल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना हाच नियम. या नियमापायी किती फोटो हुकले, मी मागे उभी राहून किती चरफडले. आजीनं मात्र हातानं 'थांब' केलं. आत गेली, डोक्याचं फडकं सोडलं, केस विंचरून बाहेर आली, भिंतीला पाठ लावून बसली आणि मग मान हलवली.

त्या फोटोएवढा चांगला फोटो तुम्ही दुसरा काढला नाहीत. मी सगळ्यांना सांगत आलेय.

आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे आजी गेली. आपल्यासारखीच रडारड. नातवंडांच्या डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. घरधनी आपल्याकडे आला, मोबाईलमध्ये काहीतरी बोलला आणि मोबाईल आपल्यापुढे धरला. मोबाईल हिंदीत बोलला, स्टेशनवर गाड्यांची सूचना देणाऱ्या बाईच्या आवाजात, "कृपया मेरी माँ की तस्वीर लीजिए. मेरी बहन नहीं आ सकती." त्याच्याकडे मोबाईल होता, काढता आला असता त्याला. पण तुमच्या कॅमेऱ्यातली केस विंचरलेली आई त्यानं बघितली होती. बहिणीला तसाच चांगला फोटो पाठवायचा होता. मला तर तिथेच भरून आलं. तुम्ही दोन्ही हात जोडलेत आणि मान हलवलीत. नाही. आदल्या दिवसाचा तोच फोटो त्याच्या मोबाईलवर घालून दिलात. त्यानं वाकून तो घेतला, पुन्हा काही मागितलं नाही.

बसमध्ये मी तुम्हाला सोडलं नाही. म्हटलं, "एवढं काय झिजलं असतं तुमचं?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "तिला आता विचारता येत नाही, उज्ज्वला. जिला नाही म्हणता येत नाही तिचा फोटो काढायचा नाही."

"अहो पण फोटो तिच्यासाठी नव्हताच. पोरीसाठी होता. पोरीनं मागितला होता."

"पोरीला मी आईचा फोटो दिलाय."

"तिला कालचा नको होता. आजचा हवा होता."

"आजचा कुणालाच नको असतो. मागताना कळत नाही."

त्यावर मी म्हणाले, तुम्हाला काळीज नाही. हनोईपर्यंत आपण एकमेकींशी 'पाणी दे' आणि 'पिशवी सरकव' एवढंच बोललो. पुढे चीन लागला, माझी भाषा कुणाला कळेना, तेव्हा झक मारत तुमच्याशी बोलावं लागलं. पण हा विषय तुम्ही पुन्हा काढू दिला नाहीत.

मेसेज आलाय. 'इगतपुरी. इतकं धुकं आहे की ड्रायव्हर हेडलाईट लावून चाललाय. आईला किती आवडलं असतं.' पोरी, सावकाश ये गं. दहा मिनिटं उशिरा आलीस तरी चालेल. मला बरंच पडेल.

परत आल्यावर आपण ते फोटोंचे कार्यक्रम सुरू केले. आधी आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, मग बायकांच्या मंडळांत, घोटीला, पेठच्या एका शाळेत, इगतपुरीला रेल्वेतून निवृत्त झालेल्या मंडळींपुढे. आपली वाटणी ठरलेली. मी पुढे उभी राहून बोलणार, तुम्ही लॅपटॉपपाशी अंधारात, हातात तो बोटभर रिमोट. मी बालवाडीची बाई. आयुष्यभर पोरांना गोष्टी सांगितल्या, तिखटमीठ लावल्याशिवाय माझ्या तोंडून गोष्ट निघत नाही. आणि तुम्ही टेलिफोन खात्यातल्या, तुम्हाला एक शब्द जास्त झालेला खपायचा नाही. मी म्हणायचे, "बोट गाळात रुतली आणि काठावर ही एवढी मगर," की खट्. पुढचा फोटो. मगर नव्हतीच, ओंडका होता. "समरकंदच्या बाजारात त्या माणसानं मला बहीण मानलं," खट्. लोक खो खो हसायचे. त्यांना वाटायचं आपण बसवलेलं आहे. मी स्टेजवरून तुमच्याकडे डोळे वटारायचे आणि तुम्ही निर्विकार. केतकी मागच्या खेपेला आली होती तेव्हा घोटीला पहिल्या रांगेत बसून तुमच्या प्रत्येक खट्ला टाळी देत होती.

आणि व्हिएतनामच्या आजीचा फोटो लागला की मी दर वेळी तिथे घुटमळायचे. "तर मंडळी, ही आजी, केस विंचरून आलेली. आणि नंतर एका पहाटे," खट्. हनोईचं स्टेशन. दर वेळी तिथेच. वाढवलेलं काही नसायचं त्यात, तरी खट्. तुमचा तेवढा एक खटका मला अन्यायाचा वाटायचा.

परवाच्या गोष्टीवर येते.

वर आमच्या घरी बायकांनी तुम्हाला आंघोळ घातली, ती मोरपंखी साडी नेसवली. खाली गाडी येऊन उभी होती. तुमचा भाऊ सगळ्यांना म्हणत होता, चला, चला आता. मी या खोलीत आले, कपाटातून कॅमेरा काढला. तुम्ही तो माझ्या हातात कधी दिला नाहीत. "तू बोल, मी बघते," असं म्हणायचात. बटण कुठलं एवढं मला बघून बघून माहीत होतं. वर जाऊन मी सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर काढलं. कुणीतरी कुरकुरलं, मी ऐकलं नाही. तुमच्यापुढे उभी राहिले. आणि वन्सं, मी विचारलं तुम्हाला. हात छातीवर ठेवला, बोट कॅमेऱ्याकडे केलं, भुवया वर केल्या. आणि थांबले. तुम्ही थांबायचात तेवढी थांबले. बाहेरून हाका येत होत्या, दाराची कडी हलत होती. मग मी मोठ्यानं म्हणाले, "तुम्ही काही बोलत नाही, तेव्हा आता मी ठरवते." कॅमेरा डोळ्याला लावला. त्या एवढ्याशा खिडकीतून तुमचा चेहरा बघितला. काय दिसलं ते आत्ता नाही लिहवत. दाबलं. खट् झालं. भीतीनं आणखी एकदा दाबलं, पुन्हा खट् झालं. कॅमेरा पिशवीत घातला, दार उघडलं. अमरधामहून परत आल्यावर केतकीला फोन करून सांगितलं, "काढलाय गं. अगदी व्यवस्थित."

आज सकाळी अंघोळ करून मनाशी धीर बांधला. म्हटलं, तिच्या हातात देण्याआधी आपण बघावा. मागचा पडदा तुम्ही ओरखडे पडू नयेत म्हणून आत वळवून ठेवायचात, तो उलटा केला, कॅमेरा चालू केला. पडद्यावर दोन शब्द. नो कार्ड.

मी तो बंद केला, पुन्हा चालू केला. नो कार्ड. आणि मग उठून देवघरापाशी गेले, कारण मला माहीत होतं. मला, वन्सं, मला माहीत होतं. कुठल्याही देशात, कुठल्याही खोलीत, दिवस मावळला की तुम्ही कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्या चांदीच्या करंड्यात ठेवायचात. कुंकू लावणं सोडल्यावर रिकामा पडलेला करंडा. घरी आलो की तो देवघरात. "चोर आला तर कॅमेरा नेईल, देवाला हात लावणार नाही." चीनच्या सीमेवर त्या पोलिसानं करंडा उघडून हुंगला होता, मी कार्यक्रमात सांगायचे आणि त्याला तुम्ही खट् करायचा नाहीत, कारण ते खरं होतं. एवढं सगळं लोकांना सांगत फिरले आणि परवा हातात कॅमेरा घेताना एकदाही देवघराकडे माझी मान वळली नाही. कार्ड नसलं तरी कॅमेरा खट् करतो हे कुणाला ठाऊक? बाळकृष्णाच्या शेजारचा करंडा उघडला. कार्ड होतं, जागच्या जागी.

आधी मला हसू आलं. जिंकलात म्हटलं. स्वतः जळून गेलात तरी मी काढलेला फोटो खट् करून पुढे ढकललात.

मग हसू गेलं, कारण केतकीचं काय? त्या तैवानच्या मुलीकडे केस विंचरलेली आई तरी होती. तुमच्या मुलीकडे काय आहे? जगाचे फोटो काढलेत आणि तुमचा म्हटला की "माझा नको." लग्नात नको, वाढदिवसाला नको, ताश्कंदच्या विमानतळावर मी हातापाया पडले तरी नको. सगळी कार्डं, सगळा लॅपटॉप उपसला. तुम्ही नाही. आधार कार्डावर आहात, तिथे कुणीही ओळखू येत नाही. आणि व्हिसासाठी काढलेल्या फोटोंची पाकिटं आहेत, दोन्ही कान दिसताहेत, ओठ मिटलेले. वर दिव्याशेजारी तोच लावलाय. येणारा प्रत्येक माणूस वाकून बघतो आणि लगेच सरळ होतो.

तुमचा भाऊ स्वयंपाकघरात आला तेव्हा मी कॅमेरा ओट्यावर ठेवून रडत होते. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं." मी काही बोलणार तोच म्हणाले, "तुला माहीत नाही. भाऊजी गेले तेव्हा त्यांच्या एका चुलतभावानं फोटो काढला होता. तिरडीवरचा. तेराव्याला प्रिंट करून ताईच्या हातात आणून दिला, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं दिला. ताईनंच मागितला होता. पुढे एकदा ती मला म्हणाली, आता मला त्यांचं दुसरं काही आठवतच नाही. हसताना आठवायला जाते आणि नाकातला कापूसच समोर येतो."

वन्सं, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. बसमध्ये शेजारी बसून 'आजचा कुणालाच नको असतो' म्हणालात, 'मागताना कळत नाही' म्हणालात, आणि मी तुम्हाला काळीज नाही म्हणाले. एक वाक्य पुढे बोलला असतात तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं. जगाला विचारून विचारून फोटो काढलेत, मला एवढं सांगायला तुमचं काय अडलं? की भावजयीला सांगितलं की गावभर होईल, असं वाटलं? तसं वाटलं असेल तर तेही खरंच आहे म्हणा.

यांचं म्हणणं, केतकीला सांग कार्ड खराब झालं. आणि तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी आले मदतीला. स्वभावानं भला माणूस. म्हणाले, "वहिनी, व्हिसाचा फोटो द्या, मोबाईलवर आता सगळं होतं. शांत झोपल्यात असा करून देतो. तिला काय कळणार?" मी नको म्हणेपर्यंत त्यांनी केलासुद्धा. माझ्या मोबाईलवर आलाय. डोळे मिटलेल्या तुम्ही, कपाळ गुळगुळीत, ओठांवर बारीकसं हसू. सुंदर दिसताय. तुम्ही आयुष्यात एकदाही अशा दिसला नाहीत.

खोटं नाही सांगत, मी तो पुसला नाही अजून. तासभर झाला, उघडतेय, बंद करतेय. पोरगी एवढ्या लांबून येतेय, हातात काहीतरी पडेल तिच्या. तिला समाधान, मला सुटका. देऊन टाकावा. आणि दर वेळी तो उघडला की माझ्या कानात खट् होतं.

'घोटीचा टोल. मामी, भूक नाही पण चहा ठेव.'

पुसला. घोटीचं नाव वाचलं आणि पुसून टाकला. पहिल्या रांगेत बसून टाळ्या देणारी पोरगी आहे ती. तिला असलं नाही देता येणार. चहा ठेवायला वर जाते.

*

आता दुपार उलटलीय. पुन्हा खाली येऊन लिहितेय. केतकी आत तुमच्या पलंगावर झोपलीय, बुटांसकट. मी उठवली नाही.

आली तेव्हा मामाच्या गळ्यात पडली, माझ्या पडली. दिव्यापाशी बसली. व्हिसाचा फोटो बघून म्हणाली, "हा काय गं, कान बघ," आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "दे."

मी तिला म्हटलं, चल खाली. इथे या टेबलाशी बसवलं. आणि सांगितलं. कार्ड देवघरात होतं. मी दाबलं पण फोटो आला नाही. मला आज सकाळी कळलं.

"मामी, तू काढलाय म्हणाली होतीस. व्यवस्थित म्हणाली होतीस."

"मला वाटलं होतं तसं."

"एक गोष्ट मागितली होती मी. मी येईपर्यंत थांबा म्हटलं नाही, काही नाही. एक गोष्ट." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. मी इथे बसून त्या पाण्याचा आवाज ऐकत होते. वन्सं, तेव्हा मला तुमचा इतका राग आला, आणि माझा, आणि त्या करंड्याचा. व्हिएतनामच्या त्या पोरीनं घरी फोन करून काय म्हटलं असेल, कुणाला ठाऊक. तिचा भाऊ वाकून फोटो घेऊन गेला एवढंच आपण बघितलं.

बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते. टेबलावर लॅपटॉपच्या पिशवीतलं सगळं मी सकाळी उपसून ठेवलं होतं, वायरी, चष्म्याचं घर, तुमचा रिमोट. तिनं रिमोट उचलला. उलटसुलट करून बघितला. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"तू बघितलंस ना तिला? कॅमेऱ्यातून?"

"बघितलं."

"मग सांग."

मी पदर सारखा केला. कार्यक्रमाला उभी राहताना करते तसा. म्हटलं, "अगं, इतक्या शांत दिसत होत्या, जणू काही आत्ताच झोप लागल्यासारख्या,"

खट्.

वन्सं, तिनं दाबलं. अगदी तुमच्यासारखं, चेहऱ्यावरची रेष न हलवता. तिचे डोळे भरून वाहत होते आणि अंगठा बटणावर होता.

मग मी नीट सांगितलं. झोपल्यासारखं काही नव्हतं, असं सांगितलं. तोंड थोडं उघडं राहिलं होतं, म्हणून हनुवटीखालून पट्टी बांधली होती. डावा डोळा पूर्ण मिटत नव्हता, मी दोनदा मिटून बघितला. नाकात कापूस होता, तेही सांगितलं. चष्म्याचे दोन लाल वळ नाकावर तसेच होते, आदल्या रात्री उशिरापर्यंत फोटो बघत बसल्या असणार. केस बायकांनी घाईत मागे बांधले होते, ते मला आवडलं नाही, मी सोडून विंचरले, कंगवा तुझ्या आईचाच घेतला, दोन दात तुटलेला. गालाला हात लावला तर गार होता. आणि काढण्याआधी मी त्यांना विचारलं होतं, त्यांच्याच पद्धतीनं.

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाल्या."

केतकीनं मान हलवली. मी पुढे सांगत राहिले, साडीचा काठ, एका पायाच्या अंगठ्याचं जुनं काळं नख, गाडीकडे नेताना हे कसे उंबऱ्याला ठेचकाळले, आठवलं ते सगळं. किती वेळ बोलले माहीत नाही. रिमोट तिच्या मुठीत होता, अंगठा बटणावर. संध्याकाळी अस्थी घेऊन रामकुंडावर जायचंय म्हणून हे दोनदा खाली येऊन गेले, दारातूनच परत फिरले.

पुन्हा खट् झालं नाही, वन्सं.